राउटरमधल्या न लिहिलेल्या ओळी

सिस्कोच्या आयओएस प्रणालीवर चालणाऱ्या कोऱ्या करकरीत राउटरला 'शो रनिंग-कॉन्फिग' ही कमांड दिली, तर कोणीही काही लिहिलेले नसताना पडद्यावर कितीतरी ओळी उमटतात. या डीफॉल्ट ओळी. नवशिक्या इंजिनिअरला त्या कचरा वाटतात किंवा आधीच्या माणसाने मुद्दाम घातल्यासारख्या वाटतात. दोन्ही समज कामात गोंधळ घालणारे आहेत.

सर्वसाधारण नियम असा, की मूळ स्थितीत असलेली सेटिंग कॉन्फिगमध्ये छापली जात नाही. बदलली तरच तिची ओळ दिसते. पण या नियमाला अपवाद भरपूर. 'नो सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन' ही ओळ कोणी काही बंद केल्याची खूण नव्हे. ते मुळातच बंद असते आणि तसे छापून दाखवले जाते. ते चालू केले तरी मिळणारे संरक्षण बेताचेच. त्या पद्धतीने झाकलेला पासवर्ड क्षणात उलगडता येतो, म्हणून खरी भिस्त 'इनेबल सीक्रेट'वरच ठेवावी. 'बूट-स्टार्ट-मार्कर' आणि 'बूट-एंड-मार्कर' या जोडीला स्वतःचे काही काम नाही. राउटरने कोणती आयओएस फाइल उचलायची हे सांगणाऱ्या ओळी त्यांच्यामध्ये बसतात. रिकामे 'कंट्रोल-प्लेन' हेही नुसते मथळ्यापुरते.

काही ओळी म्हणजे इतिहासाचे अवशेष. 'आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल एनडी' पाहिल्यावर अनेकांना आयपीव्ही६ मधली 'नेबर डिस्कव्हरी' आठवते. तिचा इथे काही संबंध नाही. हा एनडी म्हणजे सन कंपनीचा 'नेटवर्क डिस्क' प्रोटोकॉल. डिस्क नसलेली सनची वर्कस्टेशन्स त्यावरून दुसऱ्या यंत्राची डिस्क वापरत. ती यंत्रे केव्हाच अडगळीत गेली, ओळ मात्र राहिली. जुन्या कॉन्फिगमधल्या 'आयपी क्लासलेस'चीही गोष्ट अशीच. आयपी पत्ते ए, बी, सी अशा वर्गांत वाटण्याची रीत १९९३ साली सीआयडीआर आल्यावर मागे पडली. त्यापूर्वीच्या वळणाचा राउटर एखाद्या मोठ्या नेटवर्कचे काही तुकडे ओळखत असेल आणि पॅकेट त्याच नेटवर्कच्या अनोळखी तुकड्याकडे निघाले असेल, तर डीफॉल्ट रूट असूनही ते टाकून देई. ही कमांड त्याला तसे करू देत नाही.

काही ओळी मात्र निरुपद्रवी दिसतात आणि काढल्या की महागात पडतात. 'लाइन व्हीटीवाय ० ४' म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या पाच वाटा, मोजणी शून्यापासून. तिच्याखाली एकट्या पडलेल्या 'लॉगिन'चा अर्थ पासवर्ड विचारलाच पाहिजे. पासवर्ड ठरवलेलाच नसेल, तर राउटर जोडणी नाकारतो. वैतागून कोणी 'नो लॉगिन' दिले, की नाकारणे थांबते आणि येईल त्याला आत प्रवेश मिळतो.

उलट बाजू अधिक फसवी: न दिसणारे डीफॉल्ट. राउटरचे इंटरफेस मुळात 'शटडाउन' असतात आणि ते छापले जाते. 'नो शटडाउन' दिल्यावर ती ओळ फक्त नाहीशी होते. म्हणून चालत्या राउटरचे कॉन्फिग जसेच्या तसे नव्या राउटरवर चिकटवले, तर सगळे बरोबर असूनही इंटरफेस बंदच राहतात. त्याहून गंभीर उदाहरण सिस्कोच्या स्विचमधल्या 'स्मार्ट इन्स्टॉल'चे. ही सोय अनेक स्विचवर आपोआप चालू असे, टीसीपी पोर्ट ४७८६ उघडा ठेवी आणि रनिंग-कॉन्फिगमध्ये तिचा मागमूस नसे. एप्रिल २०१८ मध्ये रशिया आणि इराणमधील अनेक स्विचवर याच वाटेने हल्ला झाला. 'नो व्हीस्टॅक' दिले तर ती बंद होते.

अनोळखी ओळ समोर आली, की आधी त्याच मॉडेलच्या आणि त्याच आयओएस आवृत्तीच्या कोऱ्या राउटरशी ताडून पाहावी. तिथेही असेल तर ती कोणी लिहिलेली नाही. 'शो रनिंग-कॉन्फिग ऑल' लपलेले डीफॉल्टही बाहेर काढते, यादी मात्र फार लांबते. कमांड रेफरन्समध्ये प्रत्येक कमांडची मूळ स्थिती दिलेली असते. आवृत्तीगणिक ती बदलते, हे लक्षात ठेवून वाचावे. ओळ पूर्ववत करताना 'नो' आणि 'डीफॉल्ट' यांत गल्लत नको: 'नो' कमांड रद्द करते, 'डीफॉल्ट' तिला मूळ स्थितीत नेते. जी सेटिंग मुळात चालू असते, तिच्या बाबतीत दोन्हींचा परिणाम नेमका उलटा.

दुरून बदल करायचाच असेल, तर आधी 'रीलोड इन १०' लावावे. संपर्क तुटला, तर जतन न केलेला बदल टाकून राउटर दहा मिनिटांनी जुन्या कॉन्फिगवर परत येतो. सारे ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल' द्यावे आणि मगच बदल जतन करावा.