न्हाव्याच्या दुकानाचा वास

परवा माझ्या भाच्याने मला एक अत्तराची बाटली आणून दिली. अत्तर म्हटलेले त्याला खपत नाही, 'परफ्यूम' म्हणायचे!

"मामा, हा बार्बरशॉप जातीचा वास आहे. अगदी क्लासिक!"

"म्हणजे न्हाव्याच्या दुकानाचा?" मी चष्मा पुसत विचारले.

ज्या दुकानात जायचे म्हटले की लहानपणी माझ्या पोटात दुखू लागे, त्या दुकानाचा वास लोक पैसे मोजून विकत घेतात, हे मला नवीनच होते. प्राध्यापकी स्वभावाप्रमाणे मी आधी पुस्तके चाळली आणि मग बाटलीचे बूच काढले.

ह्या वासाचे घराणे फ्रेंच. १८८२ साली उबिगाँ ह्या पेढीसाठी पॉल पार्के ह्याने 'फुजेर रोयाल' नावाचे अत्तर बनविले. फुजेर म्हणजे नेचा. आणि नेच्याला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच! पार्केने तो कल्पनेने दिला. त्यात लॅव्हेंडर होते, ओकच्या झाडावर वाढणारे एक शैवाक होते (हे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भावबंद) आणि कुमारिन होते. नुकत्याच कापलेल्या, वाळत घातलेल्या गवताचा जो गोडसर वास येतो, तो ह्या कुमारिनचा. पर्किन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ते १८६८ साली प्रयोगशाळेत तयार केले होते. पुढे दाढीचे साबण आणि लोशने ह्याच वळणाची निघाली आणि साऱ्या जगाच्या न्हाव्यांना एक गोत्र मिळाले.

मनगटावर दोन थेंब टाकले मात्र, आणि मला आमच्या पेठेतले ते दुकान दिसू लागले. फेसाची वाटी, तुरटीचा ओला खडा, मानेवर पावडरीचा थंड ब्रश. दर रविवारी सकाळी वडील तिथून घोटून दाढी करून येत. ते आम्हांला कधी जवळ घेत नसत. माझ्या बाजूने जिन्यावरून वर जाताना त्यांच्या गालांचा जो वास दरवळे, तेवढीच आमची जवळीक.

शेवटच्या वर्षी त्यांचा उजवा हात लुळा पडला. दाढी मी करू लागलो. कॉलेजची घाई असे. भराभर पाते फिरवावे, टॉवेलने तोंड पुसावे, की झाले! एकदा हनुवटीला कापले. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मला पाहताच त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मग मी दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराला घरी बोलावले. त्याने पाणी गरम करून घेतले, पाच मिनिटे नुसता फेसच केला, "अण्णा, गाल फुगवा" म्हणाला, आणि शेवटी तळहातावर लोशन चोळून दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला. वडिलांनी डोळे मिटून घेतले. मी दारात उभा होतो. त्या माणसाचा मला हेवा वाटला, हे आज कबूल करायला हरकत नाही.

बाटली अजून भरलेलीच आहे. काल कॉलेजला निघताना मी थोडे लावले. आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. मी तिच्या मागून गेलो, तेव्हा तिचे हात थांबले.

"आज रविवार का रे?"

"नाही, मंगळवार," मी म्हणालो, आणि चपला घालायच्या सोडून तिच्याजवळ पाटावर बसलो.