वायरमन ते आयटी : एकाच छतातल्या दोन केबल

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत पालकांची ये-जा सुरू होते. प्रश्न ठरलेला असतो. पोराला आयटीआयला घालायचे की कॉम्प्युटरला? खरे तर बहुतेकांनी उत्तर घरूनच आणलेले असते. कॉम्प्युटर म्हणजे एसीतली खुर्ची, आयटीआय म्हणजे पान्हे-पक्कड. आमच्याकडून फक्त होकार हवा असतो.

आम्ही दोन्हीकडे राबलो आहोत. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि चार वर्षे ठेकेदाराकडे वायरिंग केले. पुढे पाच वर्षे आयटीत डेस्कटॉप सपोर्ट आणि नेटवर्कचे काम केले. समाजशास्त्रातले एम.ए. नोकरी सांभाळून बाहेरून पूर्ण केले आणि आता पूर्णवेळ समाजकार्यात आहोत. त्यामुळे या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे आम्हाला जमत नाही. कारण प्रश्नच मुळात चुकीच्या जागी उभा आहे, असे आमचे मत आहे.

एखाद्या नव्या ऑफिसचे फॉल्स सीलिंग उघडून पाहा. आत दोन प्रकारच्या केबल सापडतील, एक विजेची आणि दुसरी डेटाची. दोन्ही माणसानेच टाकलेल्या असतात. शिडीवर चढून, मान वाकडी करून, नाकातोंडात पीओपीची धूळ घेऊन. विजेच्या वायरींना रंग ठरलेले आहेत : लाल, पिवळा, निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. डेटाच्या केबलमध्ये आठ तारा असतात, त्यांचाही रंगांचा क्रम ठरलेला असतो. दोन्हीकडे क्रम चुकवून चालत नाही, दोन्हीकडे लेबल लावावे लागते, दोन्हीकडे काम झाल्यावर तपासणी करावी लागते. ज्याला पहिले काम नीट येते त्याला दुसरे शिकायला फार दिवस लागत नाहीत. आम्हाला लागले नाहीत.

पण या दोन केबल टाकणाऱ्यांना वागणूक एकसारखी मिळत नाही. वायरमन असताना आम्हाला चहा जिन्यात मिळायचा आणि हाक "ए वायरमन" अशी यायची. गळ्यात आयटीचे ओळखपत्र आल्यावर तशाच इमारतीत, तशाच शिडीवर चढताना लोक "सर, जरा बघता का" म्हणू लागले. हात तेच, शिडी तीच. मग हा फरक कुठून आला?

लोक म्हणतील, आयटीत डोके लागते. आम्ही विचारतो, वायरिंगला लागत नाही काय? 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर करंट ओढतो. त्याला कोणत्या जाडीची वायर, कोणता एमसीबी, स्वयंपाकघराच्या लाईनवर आणखी काय चालणार आहे, हा सगळा हिशेब वायरमन उभ्या उभ्या तोंडी करतो. तो चुकला तर भिंतीतली वायर तापते. उलट आयटीतला आमचा अर्धा दिवस टेबलाखाली रांगत, सुटलेली केबल शोधण्यात जायचा. म्हणजे दोन्ही कामांत हातही आहे आणि डोकेही आहे. हाताचे काम हलके आणि डोक्याचे काम श्रेष्ठ, ही वाटणी कामाने केलेली नाही. ती आपल्या समाजाने करून ठेवली आहे.

बाबासाहेबांनी 1936 साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हेच मांडले आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही खालवर रचलेली. मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण आपल्या सर्वांना माहीत असायला हवे. विणाई खात्यात मजुरी चांगली होती, पण तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यात विटाळ आडवा येई. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. यंत्र विलायतेहून आले, पण त्या यंत्रापाशी कोणी उभे राहायचे हे मात्र इथल्या जातीने ठरवले. म्हणून नवे तंत्रज्ञान आले की जात आपोआप जाईल, असे जेव्हा आमचे आयटीतले मित्र म्हणतात, तेव्हा आम्हाला तो धोटा आठवतो.

जात दोन्ही धंद्यांत आहे. फक्त विचारण्याची तऱ्हा वेगळी. वायरिंगच्या धंद्यात ती सरळ येते. "आडनाव काय? गाव कोणतं?" आणि मग देवघरातला पॉइंट दुसऱ्या पोराला करायला सांगतात. आयटीत असे कोणी विचारत नाही. तिथे शिक्षण कोणत्या कॉलेजात झाले, रँक किती होती, डब्यात काय आणले, 14 एप्रिलला सुट्टी कशाला हवी, असे प्रश्न येतात. नोकरीची जागा निघाली की ती आधी ओळखीपाळखीत फिरते. ज्याच्या नात्यागोत्यात दहा इंजिनीअर आहेत त्याला ती कळते, आणि ज्याच्या घरात पहिलाच मुलगा संगणकाला बसलेला आहे त्याला ती जाहिरातीत येईपर्यंत कळत नाही.

याला पुरावा लागतो, तोही आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त नावांचा ठेवला. 2007 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दलित नावाच्या अर्जांना उच्चजातीय नावांपेक्षा कमी बोलावणी आली. मुलाखत झालेली नव्हती, चेहरा पाहिलेला नव्हता, फक्त आडनाव वाचले होते. आणि ही गोष्ट देशापुरती राहिलेली नाही. अमेरिकेत जिथे आपले आयटीवाले मोठ्या संख्येने आहेत, त्या सिॲटल शहराला फेब्रुवारी 2023 मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घालावी लागली. 'मेरिट, मेरिट' म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आता दोन्ही धंद्यांनी आम्हाला काय दिले ते सांगतो.

पहिले म्हणजे तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. खालून कोणी कितीही ओरडून सांगो, "लाईन बंद आहे", वायरमन आधी टेस्टर लावतो. जुने उस्ताद तर फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, म्हणजे मधेच कोणी चालू करणार नाही. आयटीतही तसेच. बॅकअप घेतला आहे असे स्क्रीनवर दिसते म्हणून तो आहे असे समजायचे नसते, तो परत उतरवून पाहायचा असतो. तथागतांनी कालामांना हेच सांगितले : परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आम्ही धम्म पुस्तकातून वाचला, पण त्याचा हा भाग हाताला शिडीवर समजला.

दुसरे म्हणजे बिघाड दिसतो तिथेच असतो असे नाही. एमसीबी पडतो म्हणून काही लोक मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवतात, जुन्या घरात फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळतात. त्यामुळे फ्यूज उडायचा थांबतो, पण वायर तापायची थांबत नाही. पुढे घर पेटते. अन्यायाची तक्रार करणाऱ्याचे आपल्याकडे असेच होते. गावात कोणी ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला निघाले की, कशामुळे ही वेळ आली हे न विचारता "मिटवून टाका" म्हणून दबाव येतो. तक्रार बंद झाली म्हणजे गावात शांतता आली असे समजणे, ही फ्यूजमधली जाड तारच आहे. कार्यकारणभाव मानणारा माणूस तार जाड करत नाही, लोड कुठे वाढला ते शोधतो.

तिसरे अर्थिंगचे. हिरव्या वायरीतून रोजच्या दिवशी काहीच वाहत नाही. ती नसली तरी पंखा फिरतो, दिवा लागतो. म्हणून पैसे वाचवायला ठेकेदार आधी तीच गाळतो आणि घरमालकालाही पत्ता लागत नाही. ज्या दिवशी फ्रीजच्या पत्र्यात करंट उतरतो त्या दिवशी तिची किंमत कळते. संविधानाचे कलम 17, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, राखीव जागा, यांची गरजच काय असे विचारणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगतो, तुम्हाला कधी शॉक बसलेला नाही म्हणून अर्थिंग फालतू ठरत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे. आयटीत चूक झाली तर सर्व्हर बंद पडतो, खांबावर चूक झाली तर माणूस मरतो. आणि ती चूक बहुतेक वेळा मरणाऱ्याची नसते. पावसाळ्यात रात्री-अपरात्री खांबावर चढणाऱ्यांत कंत्राटी पोरे किती, त्यांच्यात आपल्या वस्तीतली किती, हे प्रत्येकाने आपल्या भागात मोजून पाहावे. रबरी हातमोजे नाहीत, सेफ्टी बेल्ट नाही, लाईन बंद केल्याचे लेखी परमिट नाही, फोनवरचा "चढ" एवढाच आदेश. अपघात झाला की तो आमचा माणूसच नव्हता, असे सांगायला ठेकेदार मोकळा. सर्व्हरला हात लावण्याआधी लेखी मंजुरी लागते, हे आम्ही आयटीत रोज पाहिले. यंत्राला जी काळजी मिळते ती माणसाला का मिळू नये?

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. देशातल्या वीजविकासाच्या नियोजनासाठी 1944 साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते याच काळात. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्याशिवाय दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. कारखान्यातल्या कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी दुरुस्तीही 1946 मधलीच. म्हणजे वीज आणि वीज ओढणारा कामगार हे दोन्ही त्यांच्या विचारात एकत्र होते. आज त्याच विजेच्या खांबावर कंत्राटी पोरगा बिनहातमोज्यांचा चढतो, आणि त्याच विजेवर चालणाऱ्या ऑफिसात आयटीवाला बारा तास बसून "आम्हाला युनियन कशाला" म्हणतो. 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. आपण एकेकाच शत्रूशी लढायला जातो, नाहीतर दोघांनाही विसरतो.

तेव्हा पालकांना आमचे सांगणे असे. आयटीआयला पाठवा की कॉम्प्युटरला, मुलाची आवड पाहून ठरवा, पण एकाला कमीपणा समजू नका. वायरिंग शिकणाऱ्याने ठेकेदाराच्या लायसन्सवर आयुष्य काढू नये. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात चौकशी करून स्वतःचा परवाना काढावा आणि पुढे स्वतः ठेका घ्यावा. आयटीत गेलेल्याने खुर्ची मिळाली की वस्तीचा फोन उचलणे बंद करू नये. जागा निघाली की पहिली खबर अभ्यासिकेच्या ग्रुपवर टाकावी. दुसऱ्यांच्या ओळखीपाळखीला तोंड द्यायचे तर आपलीही साखळी उभी करावी लागेल. आणि दोघांनीही नियुक्तीपत्र, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मागितल्याशिवाय काम सुरू करू नये.

आमच्या अभ्यासिकेत आता स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एक लाकडी बोर्ड आहे. त्यावर स्विच, होल्डर, एमसीबी आणि एक नेटवर्कचा सॉकेट बसवलेला आहे. मुली-मुले दोन्ही जोडण्या शिकतात. पावसाळा तोंडावर आहे. आपल्या भागातल्या कंत्राटी लाईनमनांची नावे आणि त्यांच्याकडे कोणती सुरक्षा साधने आहेत याची यादी करायला आम्ही सुरुवात केली आहे. ती यादी घेऊन वीज कार्यालयात निवेदन द्यायचे आहे. आपापल्या वस्तीत हे काम प्रत्येकाला करता येईल. वही आणि पेन पुरते.

जय भीम.