हिरवी तार आणि तिसरी पिन

संगणकाच्या कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला दुकानदार आणि दुरुस्ती करणारे 'एसएमपीएस' म्हणतात, तो दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढावा, त्यातली धूळ ब्लोअरने उडवावी, त्याच चार स्क्रूंनी त्याच जागी पुन्हा बसवावा आणि बटण दाबल्यावर काहीच होऊ नये, ही घटना वरकरणी क्षुल्लक असली तरी मनात रुतून बसणारी आहे. नवा भाग एकही आलेला नसतो, जुना एकही गेलेला नसतो, आणि तरीही कालपर्यंत बिनतक्रार चालणारे यंत्र आज निपचित पडलेले असते. काढलेली वस्तू जागच्या जागी ठेवली की पूर्वस्थिती परत येते, हा घरकामातून पक्का झालेला समज इथे टिकत नाही, कारण डबा काढताना एकटा डबाच हललेला नसतो. हाताच्या धक्क्याने रॅमचे एक टोक खाचेतून केसभर वर आलेले असते, पुढच्या बटणाकडून येणारी बारीक दोनपदरी तार ताणली जाऊन निसटलेली असते, आणि ज्या कॅबिनेटमध्ये डबा वरच्या बाजूला बसतो तिथे त्याच्याच आडोशाला, मदरबोर्डच्या वरच्या कडेशी, प्रोसेसरला वीज देणारा चार किंवा आठ पिनांचा छोटा जोड काढताना डोळ्यांसमोर असतो आणि लावताना अंधारात राहून जातो.

या डब्याचे काम थोडक्यात सांगायचे तर भिंतीतून येणारी २३० व्होल्टची, सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणारी वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत रूपांतर करणे, एवढेच आहे. हे काम पूर्वी लोखंडी गाभ्याच्या जड ट्रान्सफॉर्मरने होत असे. स्विचिंग पद्धतीत मात्र आलेली वीज आधी एकदिश केली जाते, मग सेकंदाला हजारो वेळा तोडली आणि जोडली जाते, आणि इतक्या वेगाने बदलणाऱ्या विजेला मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. १९७७ साली बाजारात आलेल्या ॲपल-टू या घरगुती संगणकासाठी रॉड होल्ट यांनी याच पद्धतीचा पुरवठा रचला होता, आणि त्यामुळे ते यंत्र हलके व थंड राहू शकले. संगणकाच्या कौतुकात या डब्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही, हे खेदाचे आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घेऊन संगणक जुळवून घेणारा ग्राहक प्रोसेसर आणि रॅम यांची घासाघीस करून चौकशी करत आला आणि एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबर जो येईल तो मुकाट्याने घेत आला. वास्तविक बाकीच्या सगळ्या भागांचे आयुष्य ज्याच्या भरवशावर असते, तिथे पैसे वाचवण्यासारखी दुसरी चूक नाही.

निपचित यंत्रासमोर बसलेल्या माणसाची पहिली गफलत बटणाबद्दल होते. १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्ये ६३.५ वॉटच्या पुरवठ्याच्या डब्यालाच एक लाल, जाडजूड खटका होता आणि तो कॅबिनेटच्या उजव्या अंगाने मागे बाहेर आलेला असे. तो खाली केला की विजेची वाट खरोखर तुटत असे. पुढे 'एटी' नावाने रूढ झालेल्या रचनेत तो खटका दर्शनी बाजूला आला, पण त्यासाठी भिंतीतली २३० व्होल्टची वीजच जाड केबलमधून पुढच्या बटणापर्यंत आणून परत नेलेली असे. त्या यंत्रात मदरबोर्डला वीज देणारे सहा-सहा तारांचे दोन वेगळे जोड असत आणि ते लावताना दोघांच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत, हा नियम जोडणी करणाऱ्यांना तोंडपाठ असे, कारण अदलाबदल झाली तर मदरबोर्ड जागीच जळण्याची भीती असे. १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' रचना आणली, जोडाला एकाच बाजूने बसेल असा आकार दिला, आणि त्याचबरोबर बटणाचा स्वभाव मुळापासून बदलला.

एटीएक्स संगणकाचे बटण वीज जोडत नाही. भिंतीवरचा खटका चालू असेपर्यंत डब्यातला एक छोटा भाग अखंड जागा असतो आणि जांभळ्या तारेतून मदरबोर्डला पाच व्होल्ट पुरवत राहतो. पडदा काळा, पंखा स्तब्ध, घर झोपलेले, अशा मध्यरात्रीही बंद म्हणून सोडलेले हे यंत्र कान देऊन असते. बटण दाबले की दोन पिना क्षणभर एकमेकींना भेटतात, मदरबोर्ड ती विनंती समजून घेतो आणि चोवीस तारांमधली एकुलती एक हिरवी तार जमिनीच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या पातळीवर खेचतो. तो इशारा मिळाल्यावरच डब्याचा मुख्य भाग जागा होतो. तरीही प्रोसेसरला अजून हलण्याची परवानगी नसते. सगळे व्होल्टेज आपापल्या मर्यादेत स्थिर झाले आहेत याची खात्री डबा स्वतः करून घेतो, आणि त्यानंतर १०० ते ५०० मिलिसेकंदांनी, म्हणजे जास्तीत जास्त अर्ध्या सेकंदाने, करड्या तारेतून 'वीज ठीक आहे' असा निरोप धाडतो. तो येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला पहिल्या पायरीवर रोखून धरतो. बटण दाबणे आणि पडदा उजळणे यांच्यामध्ये मागणी, पडताळणी आणि होकार असा इतका शिस्तशीर व्यवहार दडलेला असतो, की तो एकदा कळल्यावर त्या अर्ध्या सेकंदाकडे पूर्वीच्या बेफिकिरीने पाहणे शक्य होत नाही.

यंत्र सुरू होत नाही, या एका वाक्यात म्हणूनच निरनिराळ्या अवस्था मावतात आणि त्या वेगळ्या ओळखणे हेच दुरुस्तीचे अर्धे काम आहे. काहीच हलत नसेल आणि मदरबोर्डवरचा बारीक दिवाही विझलेला असेल, तर शोध भिंतीपासून सुरू करावा: खटका, केबल, स्पाइकबोर्ड, आणि डब्याच्या पाठीवरचे 'आय' आणि 'ओ' अशा खुणांचे बटण, जे डबा बसवताना हमखास दाबले जाते. दिवा लागलेला आहे पण बटणाला दाद नाही, असे असेल तर ती दोनपदरी तार योग्य पिनांवर आहे का ते पाहावे, किंवा चोवीस पिनांचा जोड खरोखर शेवटपर्यंत गेला आहे का ते तपासावे. हा जोड फसवा असतो. त्याची एक बाजू आत जाते, दुसरी दीड-दोन मिलिमीटर वर राहते, वरून पाहणाऱ्याला तो पूर्ण बसलेला वाटतो, आणि अंगठ्याने जोर देऊन कडी टक् आवाज करत अडकेपर्यंत तो बसलेला नसतो.

पंखा एक झटका देऊन थांबत असेल तर मात्र डबा मेलेला नसून सावध झालेला असतो, कारण कुठेतरी शॉर्ट आहे हे ओळखून त्याने स्वतःहून हात आखडता घेतलेला असतो. मदरबोर्डखाली घरंगळलेला एखादा स्क्रू किंवा चुकीच्या जागी राहिलेला पितळी आधार एवढे त्यासाठी पुरते. आणि पंखे सगळे फिरतात पण 'डिस्प्ले येत नाही', ही तक्रार असेल तर नजर प्रोसेसरच्या त्या छोट्या जोडाकडे वळवावी. २००० साली पेंटियम-४ च्या निमित्ताने प्रोसेसरला १२ व्होल्टची स्वतंत्र वाट देण्यात आली, आणि तेव्हापासून हा जोड विसरलेल्या यंत्रात पंखे फिरत राहतात, दिवे लागतात, पण ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे तो प्रोसेसर उपाशी असतो. त्यानंतर रॅमची पाळी: ती काढावी, सोनेरी दातांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवावा आणि दोन्ही टोके अडकेपर्यंत परत बसवावी. गल्लोगल्लीच्या दुरुस्तीवाल्यांचा हा उपाय पुस्तकी विद्वानांना गावठी वाटतो, पण त्याने सुरू झालेल्या यंत्रांची गणती होणार नाही.

ज्या डब्यांच्या केबल दोन्ही बाजूंनी सुट्या होतात, ज्यांना मॉड्युलर म्हणतात, त्यांच्या बाबतीत एक धोका ठसठशीतपणे सांगायला हवा. मदरबोर्डकडच्या टोकाची रचना सर्वत्र एकसारखी असली तरी डब्याकडच्या टोकाची तशी नसते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती वेगळी असू शकते. म्हणून जुन्या पिशवीतली तशीच दिसणारी केबल लावली तर पाच व्होल्टच्या वाटेवर बारा व्होल्ट येऊन हार्ड डिस्क आतल्या फोटो-पत्रांसकट जाऊ शकते. डबा एकटा तपासण्यासाठी हिरवी तार काळ्या तारेला कागदाच्या पिनेने जोडून पंखा फिरतो का ते पाहण्याची रीत सर्वांना माहीत आहे, पण तिच्यावर नको तेवढा विश्वास ठेवला जातो. त्यातून डबा रिकाम्या हाताने उठतो एवढेच कळते, भार पेलतो की नाही ते कळत नाही. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची तार ११.४० ते १२.६० आणि पाचाची ४.७५ ते ५.२५ या पट्ट्यात आहे का, हे यंत्र जोडलेले असताना मोजणे अधिक खरे. मल्टिमीटर शाळकरी मुलाच्या कंपासपेटीइतका घरोघरी असायला हवा. डब्याचे झाकण मात्र उघडू नये, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागात, केबल काढल्यानंतरही तीनशे व्होल्टच्या वर वीज काही काळ राहू शकते.

हे सगळे निस्तरताना बोटांना आणखी एक गोष्ट कळते. कॅबिनेटच्या पत्र्यावरून, विशेषतः रंग उडालेल्या कडेवरून किंवा मागच्या स्क्रूवरून बोट फिरवले की मुंग्यांसारखी झिणझिण जाणवते, आणि टेस्टर टेकवला तर त्यातला दिवा मंद नारिंगी पेटतो. 'थोडा करंट मारतो' असे म्हणून घरातली माणसे त्याची सवय करून घेतात, पायात चप्पल घालून बसतात. याचे कारण डब्याच्या तोंडाशीच आहे. विजेतला खडखडाट गाळण्यासाठी तिथे दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, एक फेजपासून पत्र्यापर्यंत आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत; पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर त्यांतून झिरपणारी अत्यल्प वीज निमूटपणे जमिनीत जाते, आणि अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लोंबकळत २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास, येऊन थांबतो. प्रवाह एका मिलिअँपिअरच्याही आत असल्यामुळे त्याने सहसा इजा होत नाही, पण उद्या डब्याच्या आत फेजची तार सुटून पत्र्याला लागली तर तोच पत्रा पूर्ण २३० व्होल्टचा होईल आणि ती वीज जमिनीत नेणारी वाट कुठेच नसेल.

रॅमचे एक टोक केसभर वर राहिले, तर हे यंत्र सुरू होण्यास नकार देते; व्होल्टेज पाच टक्क्यांनी ढळले तर त्याचा भरवसा राहत नाही; स्वतःच्या जिवाला धोका दिसला की ते पंखा थांबवून मिटून बसते. आणि तीन तारांपैकी जी एकच तार त्याच्यासाठी नसून त्याला हात लावणाऱ्या माणसासाठी आहे, ती नसताना मात्र ते वर्षानुवर्षे सुरळीत चालते आणि अवाक्षर काढत नाही. सुरू न होणाऱ्या संगणकामागे धावपळ करणारे घर चालू असलेल्या संगणकाची ही उणीव पाहतही नाही, हे फार अस्वस्थ करणारे आहे.

भारतीय थ्री-पिन प्लगमध्ये अर्थिंगची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, ती यासाठी की प्लग आत जाताना ती आधी जोडली जावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी. इतक्या विचाराने घडवलेली ही पिन बोर्डाच्या मागे पुष्कळदा कशालाच जोडलेली नसते. जुन्या चाळीत, वाड्यात, भाड्याच्या खोलीत भिंतीतून दोनच तारा आलेल्या असतात. कुठे दोन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये येतो. आणि कुठे वायरमन वेळ मारून नेण्यासाठी बोर्डातच अर्थिंगची कडी न्यूट्रलला बांधून देतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक, कारण त्याने झिणझिण थांबते, माणसे निश्चिंत होतात, आणि एखाद्या दिवशी न्यूट्रल मागे कुठेतरी तुटला की घरातल्या अशा प्रत्येक यंत्राचा पत्रा फेजवर येतो.

खरे अर्थिंग जमिनीत शोधावे लागते. रूढ पद्धतीत सुमारे अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ किंवा धातूची पाटी खड्ड्यात उभी करतात आणि भोवती कोळसा व मीठ यांचे थर आलटून-पालटून भरतात. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीला वीजवाहक करते, आणि वर लोखंडी झाकणाखाली पाणी ओतायला नरसाळे ठेवतात. पण जमीन सर्वत्र सारखी साथ देत नाही. देशावर हातभर मातीखाली बेसाल्टचा काळा पाषाण लागतो, आणि कोरडा खडक विजेला वाट देत नाही. काळी जमीन पावसाळ्यात उत्तम, पण वैशाखात तिला भेगा पडतात आणि माती नळापासून सुटते. कोकणातला जांभा सच्छिद्र असल्याने कोसळणारा पाऊस झरझर खाली उतरवतो आणि उन्हाळ्यात कोरडा पडतो. पावसाबरोबर मीठही वाहून जाते आणि राहिलेले मीठ नळाला गंज आणते, म्हणून खड्डा एकदा भरून विसरण्याचा नसतो, त्याचा रोध दरवर्षी उन्हाळ्यात मोजायचा असतो. सोसायट्यांच्या आवारात वाहनतळाच्या फरश्या बसवताना या खड्ड्यांची झाकणे सिमेंटखाली गाडली जातात आणि सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंदही होत नाही. पाण्याच्या टाक्या साफ करण्याचा ठराव दर वर्षी होतो, त्याच सभेत या खड्ड्यांना पाणी घालण्याचा ठराव व्हायला हवा.

ज्याच्या हातात मल्टिमीटर आलाच आहे, त्याने तो जबाबदारीने आणि कोरड्या हातांनी सॉकेटवरही लावून पाहावा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० च्या आसपास, फेज आणि अर्थिंग यांच्यातही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात फार तर दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. तिथे नेमके शून्य आले तर बोर्डात दोन्ही एकत्र बांधले असल्याची शंका घ्यावी. दहा-वीस किंवा त्याहून अधिक व्होल्ट आले, तर संगणक सुरू झालेला असो वा नसो, परवानाधारक वायरमनला बोलावून तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीपासून तपासणी करून घ्यावी.