आज तारीख किती?

आमच्या घरी सकाळचा पहिला चहा झाला की आप्पा एकच प्रश्न विचारीत, "आज तारीख किती?"

आप्पा म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या घरात. उभा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेला, त्यामुळे नजर अजून तीक्ष्ण. त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर भिंतीवर कॅलेंडर लटकलेले असते. "त्यात बघा की!" असे एकदा मी म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "छापलेल्यावर माझा विश्वास नाही. आयुष्यभर मीच छापत आलो आहे." यावर सारे हसले. परंतु हसणे ओसरल्यावर मनात एक पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. शेजारच्या वाड्यातल्या एका आजोबांचे विस्मरण असेच तारखेपासून सुरू झाले होते. पुढे वार गेला, मग महिना, आणि शेवटी पोटच्या मुलाला ते "आपण कोण?" असे विचारू लागले. रात्री मुले झोपली की मी आणि हे दबक्या आवाजात बोलत असू. डॉक्टरांना दाखवावे का? दाखवावे, तर आप्पांना काय सांगून न्यावे?

आम्ही राहतो पुण्यात, नारायण पेठेत, लक्ष्मी रस्त्याला येऊन मिळणाऱ्या एका गल्लीत. गल्ली कसली, बोळच तो. समोरच्या सज्जातल्या बाईंना हात लांब करून विरजण देता येईल इतकाच रुंद, असे आप्पा म्हणतात. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. या बोळात माणसे राहतात आणि गाड्याही राहतात. माणसे आत, गाड्या बाहेर. आणि बाहेरच्यांची संख्या अधिक! पुण्यातल्या वाहनांचा आकडा माणसांच्या आकड्यापुढे गेल्याची बातमी २०१८ सालीच आली होती. आमच्या गल्लीला ती वाचावी लागली नाही.

पूर्वी येथे सायकली असत. छापखान्यात जायला आप्पांचीही होती. दिव्यावाचून चालवली की हवालदार अडवी, डबलसीट नेली की अडवी. पण ती ठेवायची कोठे, हे मात्र कोणी कोणाला विचारीत नसे. वाड्याच्या चौकात, जिन्याखाली, न्हाणीच्या भिंतीला, कोठेही ती टेकून उभी राही. आप्पा म्हणतात, "सायकलीला जागा लागत नसे, भिंत लागे." मग वाडे पडले, इमारती उठल्या, सायकलींच्या जागी स्कूटरी आल्या आणि स्कूटरींच्या शेजारी मोटारी. प्रत्येकाच्या दारावर पाटी लागली, की येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल. ज्याच्या दारावर ती पाटी, त्याची स्वतःची गाडी बहुधा दुसऱ्याच्या दारात असते. आमचीही तशीच होती.

या गोंधळावर तोड म्हणून आमच्याकडे सम-विषम तारखांचा नियम आहे. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी तो सांगायला हवा. गल्लीच्या एका बाजूला 'पी-१' अशी पाटी, दुसऱ्या बाजूला 'पी-२'. विषम तारखेला गाड्या एका बाजूला लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या. म्हणजे एक बाजू वाहतुकीला मोकळी राहते, आणि दारासमोर गाड्या सोसण्याचा जाच दोन्ही बाजूंना आळीपाळीने भोगावा लागतो. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. दोन सुनांमध्ये स्वयंपाकाचे दिवस वाटून देणाऱ्या एखाद्या सासूबाईंनीच तो काढला असावा. त्यात खोच एवढीच, की महिना एकतीस दिवसांचा असला म्हणजे एकतीस विषम आणि दुसऱ्या दिवशीची एकही विषम. त्या दोन्ही दिवशी गाड्या एकाच बाजूला. वर्षातून सात वेळा असे घडते. लीप वर्षात एकोणतीस फेब्रुवारीमुळे आठ वेळा. या दिवशी भलेभले चुकतात आणि मग गाडी 'उचलली' जाते. पूर्वी हा शब्द आमच्याकडे फक्त चोरांच्या बाबतीत वापरीत.

मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहरासाठी पार्किंगचे नवे धोरण मंजूर केले. रस्त्यावर गाडी उभी करायची तर तासावर पैसे मोजायचे, जेथे गर्दी जास्त तेथे दर जास्त, असा त्याचा सारांश. काय गहजब झाला म्हणून सांगू! अखेर धोरणाला मंजुरी मिळाली ती आखडूनच. आधी फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग करायचा, असे ठरले. आमच्या गल्लीतही विरोधाचे एक निवेदन फिरले. मी त्यावर वळणदार अक्षरात सही केली. माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. लहान मुलांच्या वर्गावर शिकवते, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. या दोन्ही धंद्यांत रस्त्याचे भाडे भरण्याइतके काही सुटत नाही. निवेदन आप्पांपुढे नेले तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचले. मुद्रिते तपासण्याची जुनी खोड. मग म्हणाले, "शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. आणि चालणाऱ्यांबद्दल यात एक अक्षरही नाही." सही केली नाहीच.

मला त्या वेळी राग आला होता. पुढे सहज म्हणून मी एक हिशेब केला. मोटारीला उभे राहायला १५ फूट लांब आणि ७-८ फूट रुंद जागा लागते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आमची खोली ११ फूट लांब आणि १० फूट रुंद होती. तेवढ्यात आम्ही दोघे, पुढे दोन मुले, शिवणयंत्र आणि माझी पहिली कादंबरी मावली. त्या खोलीचे भाडे एक महिना चुकले तर मालक दारात उभे राहत. आणि खाली रस्त्यावर तितक्याच जागेत कोणाची तरी मोटार फुकट नांदत होती! जगातले पहिले पार्किंगचे मीटर १९३५ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसले, आणि ती कल्पना होती कार्ल मगी नावाच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाची. लेखणीवाल्यांपैकीच एकाला हे सुचावे आणि मी निवेदनावर सही करावी, याची मला जराशी लाज वाटली. पण जराशीच. मुंबईत जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना ५,००० रुपयांपासून पुढे दंड सुरू झाला, तेव्हा माझ्या नणंदेचा संतापाने भरलेला फोन आला, आणि मी पुन्हा गाडीवाल्यांच्या पक्षात गेले.

आता १ ऑगस्ट २०२४ बद्दल सांगते. टिळक पुण्यतिथी. शाळेत कार्यक्रम होता आणि माझ्या वर्गातला एक चिमुरडा टिळक होणार होता. त्याची पगडी मी घरी नीट करायला आणली होती, ती टेबलावरच राहिली! प्रार्थनेपूर्वी स्कूटर घेऊन तशीच परतले. गल्लीच्या तोंडाशी गाड्यांची रांग डाव्या हाताला दिसली. मनाशी म्हटले, काल डावीकडे होत्या, तेव्हा आज उजवीकडे हव्यात. लोक आळशी आहेत, अजून हलवल्या नाहीत. आणि माझी स्कूटर मी मोठ्या शिस्तीने उजव्या बाजूला, भिंतीला लावून उभी केली. पाचच मिनिटांसाठी. तीन मजले चढले, पगडी उचलली, भिजू नये म्हणून पिशवीत घातली आणि निघाले. जिन्यात असतानाच खालून आरडाओरडा ऐकू आला.

माझ्या स्कूटरच्या पुढच्या चाकाशी आप्पा पडलेले होते. नगर वाचन मंदिरात वर्तमानपत्रे वाचायला ते रोज याच वेळी निघतात. ते भिंतीच्या कडेने, हाताने भिंत चाचपत येत असताना वाटेत स्कूटर आडवी आली. तिला वळसा घालायला ते गल्लीच्या मध्यात उतरले, मागून एक मोटारसायकल कर्कश भोंगा वाजवीत आली, हे दचकले आणि काठी निसटली. मोटारसायकलचा धक्काही लागला नव्हता. मनगटाचे हाड मात्र मोडले होते, आणि कपाळाला खोक पडली होती.

डोक्याला मार लागला म्हणून दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. नाव काय, गाव कोणते. आणि मग, "आजोबा, आज तारीख किती?"

माझ्या छातीत धस्स झाले. पिशवीतली पगडी मी घट्ट धरली.

"एक," आप्पा म्हणाले. "विषम. काल एकतीस, तीही विषम. म्हणजे गाड्या कालच्याच बाजूला. मी बरोबर होतो. उजवी बाजू मोकळीच असायला हवी होती."

डॉक्टरांना वाटले, आजोबा भ्रमात बोलताहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. आणि मला एकाएकी सारे उमगले. रोज सकाळी हा मनुष्य तारीख विचारीत होता तो आज कोणत्या भिंतीने चालायचे हे ठरवण्यासाठी. सम तारखेला डाव्या, विषम तारखेला उजव्या. गाडीवाल्यांसाठी केलेल्या त्या नियमाच्या फटीतून त्याने आपल्यापुरती पायवाट काढली होती. आणि गल्लीत ज्या एका दिवशी भलेभले चुकतात, त्या दिवशी तो चुकला नव्हता. चुकले होते मी. दुसरीच्या मुलांना सम आणि विषम संख्या शिकवणारी मी!

"कुणाची गाडी होती, आप्पा?" ह्यांनी संध्याकाळी विचारले.

"असेल कुणाची तरी," आप्पा म्हणाले. "घाई असेल बिचाऱ्याला."

ह्यांना मी रात्री सांगितले. आप्पांना सांगायचे धैर्य झाले नाही. सहा आठवडे त्यांचा हात गळ्यात होता; मी त्यांना भात कालवून देत होते, आणि रोज सकाळी विचारण्यापूर्वीच तारीख सांगत होते. स्कूटर मी मंडईजवळच्या वाहनतळावर ठेवू लागले. तेथे हुतात्मा बाबू गेनूंच्या नावाचा वाहनतळ आहे. परदेशी कापडाच्या मोटारीखाली १९३० साली ज्या माणसाने प्राण दिला, त्याच्या नावाखाली आम्ही गाड्या ठेवतो. रोज तेथून चालत यावे लागते. पावसात मी हा नेम मोडते, हेही कबूल करते.

दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा करतात. २०२१ पासूनची ही प्रथा. त्या वर्षी मी मुद्दाम आप्पांना घेऊन गेले. हात बरा झाला होता, पण पायरी उतरताना ते अजून माझा खांदा धरीत. रस्त्यात मुले खेळत होती, बायका निवांत, मधोमध उभ्या राहून गप्पा मारीत होत्या. नगरकर तालमीच्या चौकापासून पुढे एकही गाडी नाही, ना डावीकडे ना उजवीकडे.

"आज अकरा," मी म्हटले. "पण आज काही बघू नका. मधून चला."

आप्पांनी क्षणभर त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिले. मग काठी टेकत सवयीने उजव्या कडेला गेले आणि दुकानांच्या पायऱ्यांना लागून चालू लागले.

"आप्पा, अहो, मोकळाच आहे सगळा रस्ता!"

"दिसतंय मला," ते म्हणाले. "पण असू दे. कुणी तरी पाच मिनिटांसाठी लावलेली असायची."