ढगांवरची आमटी

मध्यरात्रीनंतर मुंबई सोडणाऱ्या लंडनच्या विमानात पट्टे सोडायची परवानगी मिळाली, की पडद्याआडून गरम होणाऱ्या जेवणाचा वास येऊ लागतो. प्रीमियम इकॉनॉमीत मग समोर कापडी नॅपकिन येतो, चिनी मातीच्या बशा येतात आणि हाताला वजन जाणवणारा स्टीलचा चमचा. तैवानची एव्हा एअर आणि ब्रिटनची व्हर्जिन अटलांटिक यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा मधला वर्ग रूढ केला. मला त्यातल्या रुंद खुर्चीपेक्षा हा चमचा मोलाचा वाटतो. आपल्याला कुणीतरी नीट बसवून, मानानं वाढतंय, असं त्यातून जाणवतं.

पण चव? ती बशीवर ठरत नाही. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ असते आणि इतकी कोरडी, की नाक सुकतं. नाक सुकलं की जिभेचा अर्धा जीव जातो. मीठ, साखर दोन्ही फिकी लागतात. त्यात इंजिनांची अखंड घरघर. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं कमी दाबाच्या केबिनमध्ये माणसांना जेवू घालून हे तपासलं. जमिनीवर मातकट वाटणारा टोमॅटोचा रस तिथं गोडसर, ताजा लागला. आंबट आणि मसालेदार चवी तग धरतात.

शिवाय विमानात चूल नाही. सगळं जमिनीवर शिजतं, झटपट थंड होतं आणि वर गरम हवेच्या ओव्हनमध्ये पुन्हा तापतं. त्यात कोंबडीचा तुकडा चिवट होतो. फॉइलमधली पोळी कडेला कडक होते, मध्ये मात्र वाफेनं ओली. डाळीचं तसं नाही. मुरलेली डाळ दुसऱ्यांदा तापली की अधिकच खुलते. दुपारची आमटी रात्री किती छान लागते, हे घराघरांत ठाऊक आहे. चिंच, गूळ, गोडा मसाला, वर कढीपत्त्याची फोडणी : त्या उंचीवर टिकेल अशी याहून चांगली चव मला तरी सुचत नाही.

आणि तरीही मुंबईहून उडणाऱ्या विमानात डाळ मखनी मिळते, पनीर मिळतं, आमटी क्वचितच. विमानांसाठी रांधणाऱ्या मुंबईच्या स्वयंपाकघरांना माझी कळकळीची विनंती आहे : त्या चिनी मातीच्या बशीशेजारी आमटीची एक वाटी आणि मऊ भात ठेवून पाहा.