चालते बिऱ्हाड

आपल्या लष्कराचे नाव लष्कर का पडले, हे शाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. महाराज दौलतराव शिंदे यांनी १८१० साली उज्जैनहून राजधानी ग्वाल्हेरास आणली. किल्ल्याच्या दक्षिणेस फौजेचा तळ पडला, तो पुन्हा उठला नाही आणि त्या तळाचेच शहर झाले. पण त्याआधी हा तळ गावोगाव फिरत होता, तेव्हा तो कसा चाले? ब्रिटिश रेसिडेंटाबरोबरच्या तुकडीतला थॉमस ब्रॉटन नावाचा अधिकारी १८०९ साली या तळात होता. त्याची पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने निघाली. कूच असेल त्या दिवशी बिनीवाले पुढे जात आणि महाराजांच्या डेऱ्याच्या जागी पांढरे निशाण रोवीत. मग त्या निशाणाच्या अनुरोधाने बाजार नेहमीच्या क्रमाने मांडले जात. मुक्काम बदलला तरी कोणते दुकान कुठे हे कोणाला विचारावे लागत नसे. राजधानी वाटेवर आणि कारभार चालू, असा तो प्रकार होता.

हे आज आठवण्याचे कारण मात्र संगणकाचे आहे. आम्ही उभयता येत्या उन्हाळ्यात लष्करातले बिऱ्हाड आवरून मुलाकडे पुण्याला जाणार आहोत. मुलगा तिथे सर्व्हर सांभाळण्याच्या कामावर आहे. गेल्या दिवाळीत घरी आला असता त्याने आपल्या कामातली एक अडचण आम्हांला समजावून सांगितली. आमच्या बांधाबांधीशी ती इतकी जुळली, की शाळेच्या अंकासाठी लिहून काढावी असे वाटले.

पूर्वी एका कामाला एक संगणक असे. आता एका मोठ्या सर्व्हरवर अनेक 'व्हर्च्युअल मशीन' चालतात. एका वाड्यात पाच-दहा बिऱ्हाडे असावीत तसे हे. प्रत्येकाला वाटते की आपले घर स्वतंत्र आहे. पण वाडा एकच, आणि सर्वांना जागा, वीज, पाणी वाटून देणारा कारभारीही एकच. या कारभारी सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. कुणाचे बँकेचे खाते, कुणाचे रेल्वेचे तिकीट, कुणाच्या दहावीच्या निकालाचे काम अशा बिऱ्हाडांतून चालते.

आता वाड्याची दुरुस्ती निघाली तर? बिऱ्हाडकरूंना बाहेर काढले तर बँक बंद पडेल. म्हणून बिऱ्हाड चालू असतानाच शेजारच्या वाड्यात न्यायचे. याला 'लाइव्ह मायग्रेशन' असे नाव आहे. व्हीएमवेअर कंपनीने ही सोय २००३ साली बाजारात आणली. २००५ साली केंब्रिज आणि कोपनहेगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी तिची रीत एका निबंधात सविस्तर मांडली.

रीत बिनीवाल्यांचीच आहे. आधी नव्या सर्व्हरवर जागा आखून घ्यायची. मग मशीनच्या मेमरीची पाने एकेक करून तिकडे पाठवायची. असे एक पान साधारण ४०९६ बाइटचे असते. इकडे काम चालूच असल्यामुळे पाठवलेली काही पाने पुन्हा बदलतात. कारभारी बदललेल्या पानांवर खूण ठेवतो आणि दुसऱ्या फेरीत तेवढीच पाठवतो. फेरीगणिक उरलेली पाने कमी होत जातात. शेवटी मूठभर उरली, की मशीन क्षणभर थांबवून तीही न्यायची आणि तिकडे सुरू करायची. पत्ता तोच राहतो. केंब्रिजच्या प्रयोगात 'क्वेक' हा खेळ चालवणारा सर्व्हर, खेळाडू खेळत असताना, असा हलवला. खोळंबा झाला तो ६० मिलीसेकंदांचा. एवढ्यात आपली पापणीही लवून होत नाही.

इथपर्यंत सारे सुरळीत. अडचण येते ती काही बिऱ्हाडे स्वतःचा आचारी ठेवतात तेव्हा.

साधारणपणे नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड ही वाड्याची सामाईक असतात आणि त्यांच्याकडचे प्रत्येक काम कारभाऱ्यामार्फत जाते. त्यात वेळ मोडतो. हवामानाचा अंदाज, रुग्णांच्या स्कॅनच्या प्रतिमा, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा कामांना हा उशीर परवडत नाही. मग एक कार्ड एकाच मशीनला थेट जोडून देतात. कारभारी मधून बाजूला होतो आणि काम झपाट्याने होते. कार्डाने दुसऱ्याच्या बिऱ्हाडात हात घालू नये म्हणून दारावर एक पहारेकरी असतो. तो सर्व्हरच्या यंत्रातच बसवलेला असतो.

पण हलवायची वेळ आली, की या थेट सोयीचा हिशेब चुकता करावा लागतो. पहिली गोष्ट, हा आचारी कोठीतले जिन्नस परस्पर उचलतो आणि परस्पर ठेवतो. म्हणजे कार्ड मेमरीत स्वतःच लिहिते, कारभाऱ्याला त्याची खबर नसते. मग कोणती पाने बदलली ही खूण ठेवणार कोण? दुसरी गोष्ट, चुलीवर अर्धे शिजलेले असते. मीठ पडले की नाही, आच किती दिली, हे फक्त आचाऱ्याला माहीत. कार्डाच्या पोटात अर्धवट झालेले काम बाहेरून कोणालाच दिसत नाही. तिसरी गोष्ट, तिकडचा आचारी त्याच घराण्यातला हवा. वेगळ्या बनावटीचे कार्ड असले तर इकडची खूणगाठ त्याला उमगत नाही.

यावर पहिला तोडगा २००८ साली इंटेलच्या अभियंत्यांनी ओटावा येथील लिनक्स परिषदेत मांडला. हलवण्याआधी आचाऱ्याला रजा द्यायची, तेवढा वेळ वाड्याच्या सामाईक स्वयंपाकघरातून डबा घ्यायचा, आणि नव्या जागी पोचल्यावर तिथला आचारी कामावर ठेवायचा. म्हणजे थेट जोडलेले नेटवर्क कार्ड काढून प्रवासापुरते सामाईक कार्ड वापरायचे. वेग थोडा मंदावतो, पण संभाषण तुटत नाही. ग्राफिक्स कार्डाला मात्र हे चालत नाही. त्याच्या पोटातले अर्धे काम रजेबरोबर वाया जाते, आणि सामाईक डब्याने त्याची भूक भागत नाही.

दुसरा तोडगा अधिक सरळ, पण अधिक कष्टाचा. ज्याला माहीत आहे त्यानेच सांगायचे. कार्डाने थांबायचे, आपल्या पोटातली स्थिती लिहून द्यायची, ती चिठ्ठी तिकडच्या कार्डाने वाचायची आणि तिथून पुढे सुरू करायचे. लिनक्समध्ये यासाठी कार्ड आणि कारभारी यांच्यातली बोलीभाषा ठरवावी लागली. २०१६ साली, एका कार्डाचे वाटे पाडून ते अनेक मशीनना देण्याची व्यवस्था लिहिली गेली. तिच्या मूळ फाइलीत एनव्हिडिया कंपनीच्या निओ जिया आणि कीर्ती वानखेडे यांची नावे लेखक म्हणून आहेत. थेट जोडलेल्या उपकरणाने आपली स्थिती कशी सांगावी याचा पहिला आराखडा २०२० साली लिनक्समध्ये आला, तोही वानखेडे यांच्याच नावावर आहे. आपल्या ओळखीचे आडनाव अशा ठिकाणी वाचून आम्हांला झालेला आनंद वाचकांनी समजून घ्यावा. पुढे २०२२ साली त्या आराखड्याची नव्याने मांडणी झाली आणि मेलानॉक्सच्या नेटवर्क कार्डांसाठी तो प्रत्यक्ष वापरात येऊ लागला. अलीकडे दारावरचा पहारेकरीही कोणती पाने बदलली याची नोंद ठेवायला शिकला आहे.

यातली आम्हांला सर्वांत भावलेली गोष्ट अशी, की कारभारी ती चिठ्ठी वाचत नाही. त्याला त्यातले काही कळतही नाही. तो फक्त सांगणाऱ्याला वेळ देतो आणि सांगितलेले जसेच्या तसे पोचवतो. मात्र कार्ड बनवणाऱ्याने सांगण्याची तयारी ठेवली नसेल तर कारभारी कितीही हुशार असून उपयोग नाही. म्हणूनच आजही ग्राफिक्स कार्ड जोडलेली मशीने दुरुस्तीच्या वेळी पुष्कळदा थांबवावीच लागतात. मुलगा रात्री-अपरात्री ग्राहकांना आधी कळवत बसतो ते याचसाठी.

ग्वाल्हेरकरांना ही गोष्ट नवी नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी शिकले आणि ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात घेऊन गेले. गळ्यातली विद्या बाहेरून कोणाला उचलता येत नाही. गुरूने द्यावी लागते आणि त्याच तालमीतल्या गळ्याने घ्यावी लागते. पुढे १९१८ साली पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने इथे माधव संगीत महाविद्यालय निघाले आणि स्वरलिपीवरून शिकवणे सुरू झाले. तीही एक चिठ्ठीच.

आता आमच्या बिऱ्हाडाविषयी. भांडी, पुस्तके, फोटो हे सारे ट्रकमधून जाईल. घराण्याचे मोडी कागद आहेत, त्यांचे स्कॅन एका दुपारीत झाले. परंतु ते कागद वाचणे आमच्या आत्याबाईंकडे आहे. त्यांचे वय ८४. मोडी त्या वडिलांपाशी शिकल्या. कुठल्या कागदात कुठल्या काकांचे कर्ज, कुठे नवस, कुठे जमिनीची तक्रार, हे त्यांनाच ठाऊक. त्या पुण्याला येणार नाहीत. चुलतभावाकडे, इथेच लष्करात राहणार आहेत. आम्ही त्यांचे मन वळवून पाहिले, ते वळले नाही, आणि त्या वयात वळू नये हेही आम्हांला पटले.

म्हणून सध्या रोज संध्याकाळी त्या वाचतात आणि आम्ही बाळबोधीत लिहितो. एका बैठकीत जेमतेम एक कागद होतो, कारण प्रत्येक ओळीला एक गोष्ट चिकटलेली असते आणि ती गाळू म्हटले तर त्या रागावतात. एकंदर १३७ कागदांपैकी ५२ झाले आहेत. एप्रिलपर्यंत सगळे होतील असे दिसत नाही.

तेव्हा विश्वस्त मंडळींस आणि पालकांस एक विनंती आहे. आम्ही गेल्यावर आठवी-नववीतल्या दोघा-तिघा विद्यार्थ्यांनी शनिवारी दुपारी आत्याबाईंकडे बसावे. उरलेले कागद त्यांच्याकडून वाचून घ्यावे आणि जमल्यास मोडी शिकूनही घ्यावी. वही आम्ही देऊन जाऊ. विद्यार्थी मित्रांनो, जे लिहाल ते सगळे तुम्हांला लगेच समजेल असे नाही. कारभाऱ्यालाही समजत नाही. त्या सांगतील तसे उतरवून घ्या, एवढेच काम आहे. चहा त्या स्वतः करतात आणि साखर कमी घाला म्हटलेले त्यांना चालत नाही, हे मात्र आधी सांगून ठेवतो.