चार वर्षांचं पिल्लू

खरं सांगू? मी गेले होते पिल्लू आणायला. पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं, फोटोत झक्कास दिसेल असं! पुण्याबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये काही मंडळी बेवारस मांजरं सांभाळतात, असं ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळलं होतं. शनिवारी स्कूटी काढली आणि पोचले.

पिल्लं न्याहाळत होते, तेवढ्यात कुणीतरी माझ्या बुटाची लेस ओढली. बघते तर काय, एक धिप्पाड नारिंगी बोका! एका कानाचं टोक कापलेलं. मी 'अरेरे' म्हटलं, तर तिथली मुलगी हसली. "मारामारीत नाही गेलं ते. नसबंदीची खूण आहे. भूल दिलेली असतानाच करतात."

वय साधारण चार वर्षं. त्याच्या घरचे दुसऱ्या शहरात गेले आणि हा बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच राहिला. नऊ महिने झाले, शेडमध्येच होता. "पिल्लं लगेच जातात. मोठ्यांकडे कुणी बघतच नाही," ती म्हणाली. एवढं होऊनही हा पठ्ठ्या माझ्या लेसशी झोंबत होता. झालं, ठरलं!

मग आला फॉर्म. लसी वेळेवर देणार? हो. खिडक्यांना जाळी लावणार? हो. शहर सोडावं लागलं तर मांजर कुणाकडे राहील? माझं पेन थांबलं. मी आयटीतली, केव्हापासून परदेशवारीची वाट बघतेय. "हे नंतर भरते," म्हटलं. तिनं फॉर्म पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "याच्या आधीच्या घरीही 'नंतर बघू'च म्हटलं असणार." मी मुकाट्यानं आईचा नंबर लिहिला. सांगलीतल्या आईला याचा पत्ताच नव्हता!

गुंड्या तीन दिवस पलंगाखाली होता. चौथ्या रात्री तीन वाजता बाटलीचं झाकण घेऊन त्यानं हॉलमध्ये जे फुटबॉल सुरू केलं, ते आजतागायत. हळूहळू मीही शिकले. बशीभर दूध फक्त गोष्टीत शोभतं, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. आपली पॅरासिटामॉल त्यांच्यासाठी विष. आणि झोपण्याआधी पंधरा मिनिटं दोरीमागे पळवलं, मग जेवू घातलं, की रात्र बरीचशी शांत जाते.

"लग्नाच्या वयात बोका कसला पाळतेस?" इति आई. त्यामुळे जर्मनीचं दीड महिन्याचं काम आलं, तेव्हा तिला फोन करताना माझ्या पोटात गोळा. ती 'नाही' म्हणाली असती, तर मॅनेजरला पाठवायची नकाराची मेल मी ड्राफ्टमध्ये लिहून ठेवली होती. दुसऱ्यांदा त्याला 'नंतर बघू' म्हणायचं नव्हतं मला.

"मला नाही हं आवडत मांजरंबिंजरं," आई म्हणाली. थोड्या वेळानं, "एसटी किती वाजता आहे बघ."

जर्मनीत तिसऱ्याच दिवशी मीटिंगमध्ये तिचा फोन. माझं काळीज लक्कन हललं. धावत बाहेर येऊन उचलला.

"अगं, याचं झाकण फ्रिजखाली गेलंय. कधीचा बसून राहिलाय तिथे. लांब काठी कुठे ठेवलीस?"